वॉर्ड सतराचे सन्माननीय सदस्य

"घंटी वाजवा, बाई," मुख्याधिकारी सबनीस माझ्या कानाशी पुटपुटले.

घंटी समोरच होती. पितळेची, डोक्यावर टिचकी मारली की टणकन वाजणारी. हात लांब केला तर पुरेल एवढ्यावर. पण समोर जे उभं राहून बोलत होते, त्यांच्यापुढे मी लग्न होऊन आल्यापासून ताटलीचासुद्धा आवाज होऊ दिला नव्हता.

"वाजवा," सबनीस पुन्हा म्हणाले. "त्यांची वेळ केव्हाच संपलीय."

"थांबतील की ते आपलेआपण."

"मी इथं बदलून आल्यापासून तरी थांबलेले नाहीत."

बोलत होते ते माझे सासरे. साऱ्या कासारपेठेचे आबा आणि माझे मामंजी. विषय गटाराचा होता. शनिवार पेठेतलं गटार ज्यानं बांधलं त्यानं उतार उलट्या अंगाला काढला होता, आणि मामंजींनी त्या उताराला आज सोडायचं नाही असं ठरवलं होतं.

"अध्यक्ष महोदया, मी इचारतो, पानी चढन चढतंय का? चढत न्हाई. मग हे गटार कुनाच्या भरवशावर बांधलं? देवाच्या, का म्हशीच्या?"

सभागृह हसत होतं. म्हशीचा काय संबंध ते कुणालाच कळलं नव्हतं, पण मामंजी बोलायला लागले की लोक आधी हसून घेत आणि अर्थ मागाहून शोधत.

मी एका हातानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि दुसऱ्या हातानं घंटीला टिचकी मारली. ती इतकी हळू वाजली की माझी मलाच धड ऐकू आली नाही. मामंजी पुढच्या वाक्यावर निघाले होते, ते जागच्या जागी थांबले.

"अध्यक्षांची घंटी झाली," असं म्हणून ते खाली बसले.

या माणसाला थांबवता थांबवता आजवरच्या नगराध्यक्षांचे घसे बसले होते, आणि तो सुनेच्या एका टिचकीला बसला. प्रेक्षकांच्या बाकावरून आमचे हे माझ्याकडं असे बघत होते, जणू मी चालत्या बसमधून उडी मारली होती.

त्या खुर्चीत मी कशी येऊन पडले ते सांगते. नगरपालिकेत बायकांना राखीव जागा मिळायला लागल्या तेव्हाची ही गोष्ट. आमच्या गल्लीचा वॉर्ड राखीव निघाला, आणि आबांची सून मॅट्रिक झालीय, तिला उभी करा, असं गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं. मी निवडून आले. पुढं उपनगराध्यक्ष कोण, यावरून दोन गट एकमेकांच्या उरावर बसले. कुणाचंच जमेना, तेव्हा दोन्हीकडच्या शहाण्यांनी विचार केला, की बोराट्यांची इंदुमती कुणाच्या अध्यात ना मध्यात, तिला बसवू. मी कुणालाच हवी नव्हते, म्हणून सगळ्यांना चालले. पदाला काम काही नव्हतं. सत्काराच्या वेळी नारळ धरून उभं राहायचं आणि फोटोत कडेला यायचं. मग नगराध्यक्ष बापूसाहेब मोटरसायकलवरून पडले, त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. सर्वसाधारण सभा तर ठरलेली. अध्यक्ष नसले की सभा उपाध्यक्षानं चालवायची.

आदल्या दिवशी सबनीसांनी मला समोर बसवून शिकवणी घेतली. सभेत सदस्य एकमेकांशी बोलत नाहीत, अध्यक्षांशी बोलतात. तुम्ही ज्याला पुकाराल तोच उठणार. न पुकारता उठला तर त्याचं बोलणं इतिवृत्तात जाणार नाही. तुम्ही स्वतः चर्चेत पडायचं नाही. मतही द्यायचं नाही. दोन्हीकडं सारखी मतं पडली, तरच तुमचं एक निर्णायक मत.

"आणि एक," सबनीस चष्मा पुसत म्हणाले, "त्या खुर्चीत असेपर्यंत तुम्ही कुणाच्या कुणी नाही."

मी मान डोलावली. घरी येऊन भाकऱ्या थापायला बसले आणि एकदम लख्ख आठवलं. तव्यावरची भाकरी करपली. सदस्याला पुकारायचं म्हणजे त्याचं नाव घ्यायचं. मग मामंजींचं नाव मी कसं घेणार?

आता तुम्ही हसाल. पण आमच्या घरात सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तर मी कार्ड पुढं सरकवून बोट ठेवायची. नवऱ्याचं नाव निदान उखाण्यात घेता येतं. सासऱ्यासाठी ती सोयही नाही. आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, त्यांचं तर विचारूच नका. त्यांच्या लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा त्या लाजून माजघरात पळाल्या, आणि नाव घ्यायचं राहिलं ते राहूनच गेलं. नवऱ्याच्या नावाच्या जवळपास जाणारा शब्दसुद्धा त्या टाळत. दारातल्या एका झाडाला त्या आयुष्यभर नुसतं 'अंगणातली' म्हणत आल्या. मामंजींचीही तीच तऱ्हा. 'ऐकलंस का' एवढ्यावर त्या दोघांचा सगळा संसार झाला होता.

बराच विचार करून मी तोडगा काढला. सगळ्यांनाच वॉर्डाच्या नंबरानं पुकारायचं. वॉर्ड एकचे सन्माननीय सदस्य, वॉर्ड दोनचे सन्माननीय सदस्य, आणि त्याच ओघात वॉर्ड सतराचे. हा तोडगा मला इतका आवडला, की मी दुसरी भाकरीही करपवली.

सभेच्या दिवशी खुर्चीत बसले तेव्हा पहिल्यांदा कळलं, की ती बापूसाहेबांच्या मापानं केलेली आहे. पाठ टेकली तर पाय अधांतरी, पाय टेकले तर पाठ अधांतरी. मी टेबलाखाली पाय चाचपत होते, तर त्यांना काहीतरी लागलं. वाकून बघितलं. पाट होता. साधासुधा नव्हे, आमच्या स्वयंपाकघरातला, एक कोपरा उंदरानं कुरतडलेला. तो इथं कसा आला याचा विचार करायला सवड नव्हती. मी दोन्ही पाय त्यावर ठेवले आणि सभा सुरू केली.

गटार आटोपलं. दिव्याचे खांब झाले, मोकाट डुकरं झाली. वॉर्डाच्या नंबरांनी काम छान चाललं होतं. मामंजी तीनदा उठले, तीनदा बसले. दर वेळी 'अध्यक्ष महोदया' म्हणून सुरुवात. घरात ते मला 'पोरी' म्हणत. त्यांच्या तोंडून 'महोदया' ऐकलं की माझ्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

मग विषय क्रमांक नऊ आला.

विषयपत्रिकेत लिहिलं होतं, बाजारतळावर स्त्रियांकरिता स्वच्छतागृह बांधणे. हा विषय मामंजींचा. मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून ते हा ठराव आणत होते आणि तो दर वेळी पडत होता. गावातली टवाळ पोरं त्यांना पाठीमागे 'मुतारी आबा' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. ही त्यांची शेवटची खेप होती. गुडघे गेले होते, पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं नाही असं त्यांनी घरात सांगून टाकलं होतं. आज पडला तर तो ठराव कायमचा पडणार होता.

विरोध पतंगे वकिलांचा होता. माणूस वाईट नव्हे. कांद्याच्या वखारीमागचा तो कोपरा त्यांना गाळ्यांसाठी हवा होता, गावातल्या रिकाम्या पोरांना धंद्याला जागा मिळावी म्हणून. "आबांच्या भावनेचा मी आदर करतो," ते म्हणाले. "पण जागा एकच आहे, अध्यक्ष महोदया. स्वच्छतागृह काय, पुढंमागं कुठंही होईल."

"वॉर्ड सतराचे सन्माननीय सदस्य," मी पुकारलं.

मामंजी उठले. "पहिली गोष्ट, मुतारी म्हना. स्वच्छतागृह म्हनलं की आपन कशाला न्हाई म्हनतोय तेच कळत न्हाई." थोडे हसले. मामंजी थांबले नाहीत. "बुधवारी तांबडं फुटल्यापासनं दिवस मावळंपर्यंत आयाबाया बाजारात बसत्यात. गडी मानूस वखारीच्या भिंतीला जाऊन येतो, त्याला कोन हटकत न्हाई. बाईनं कुठं जावं? एवढ्याचं उत्तर द्या. मी खाली बसतो आनि परत तोंड उघडत न्हाई."

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "आबा, बायकांच्या मुतारीची तुमालाच एवढी काळजी का वो?"

सभागृहात हशा पिकला. मामंजी उत्तराला कधी मागं हटणारे नव्हते. पण या वेळी त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली आणि तिच्या आत बघत राहिले. त्यांना काही सुचत नाहीये, हे मी पहिल्यांदाच बघत होते. मला ते बघवेना. मी घंटीवर थाप मारली, टिचकी नव्हे.

"सदस्यांनी अध्यक्षांशी बोलावं," मी म्हणाले. "कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा."

मला कोण काय विचारणार! हशा बंद पडला. सबनीसांनी माझ्याकडं बघून चष्मा पुसला. ते खूश झाले की चष्मा पुसत.

मतदानाची वेळ आली. इथं आमच्या कासारपेठेची एक रीत सांगायला हवी. पूर्वी हात वर करून मतं मोजत. एकदा एका सदस्यानं भांडणाच्या भरात दोन्ही हात वर केले, आणि दोन्ही बाजूंनी ते आपापल्याकडं धरले. त्यावरून जे रामायण झालं, त्यानंतर ठरलं, की महत्त्वाचं मतदान नावानिशी करायचं, आणि नावं अध्यक्षानंच पुकारायची. पूर्ण नाव. सदस्यानं उठून 'बाजूनं' किंवा 'विरुद्ध' म्हणायचं.

हे सबनीसांनाच ठाऊक नव्हतं. ते बाहेरून बदलून आलेले. ही रीत कायद्याच्या पुस्तकात नव्हतीच.

"वॉर्ड एकचे सन्माननीय सदस्य," मी सुरू केलं.

पतंगे वकील उठले. "हरकतीचा मुद्दा, अध्यक्ष महोदया. मतदानाला नाव लागतं. ही इथली रीत आहे."

मी सबनीसांकडं बघितलं. सबनीसांनी जुन्या सदस्यांकडं बघितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. नाइलाज होता. मी नावं घ्यायला लागले. एकेक नाव, एकेक मत. कधी बाजूनं, कधी विरुद्ध. सतरावा वॉर्ड बाजारपेठेचा, म्हणजे मामंजींचा, सगळ्यात शेवटी होता. बापूसाहेब आणि आणखी एक सदस्य गैरहजर, माझं मत धरायचं नाही; सोळाव्यापर्यंत आले तेव्हा ठरावाच्या बाजूनं सहा मतं होती आणि विरुद्ध सात.

"सन्माननीय सदस्य श्री..." मी म्हणाले, आणि माझी जीभ टाळूला चिकटली. "श्री. बोराटे."

मामंजी उठले नाहीत.

पतंगे उठले. "अध्यक्ष महोदया, सभागृहात बोराटे दोन आहेत. एक बाकावर, एक खुर्चीत. मत कुणाचं धरायचं?"

आता मात्र सगळ्यांना कळलं. हशाची एक लाटच आली. "उखाणा घ्या, वैनी!" प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं. आमचे हे मान खाली घालून चपलेचा अंगठा बघत होते. मी पदर पुढं ओढला. अजून ओढला असता तर समोरचं दिसलंच नसतं.

सबनीस घाईनं उठले. "सभागृहाची परवानगी असेल तर हे एक नाव मी पुकारतो."

"माझी हरकत नाही," पतंगे म्हणाले. "फक्त इतिवृत्तात तशी नोंद घ्या, की अध्यक्षांना पुकारता आलं नाही."

मला हायसं वाटलं. खरं सांगते, त्या क्षणी इतिवृत्तात काहीही लिहिलं असतं तरी मला चाललं असतं. तेवढ्यात मामंजी उठले.

"अध्यक्ष महोदया, एक मिन्ट. मुख्याधिकाऱ्यांनी पुकारलं तर मी उठनार न्हाई."

"अहो आबा!" त्यांच्याच बाजूचा एक सदस्य कळवळला. "तुमचं मत गेलं तर ठराव पडतोय! इतक्या वर्षांचा तुमचा ठराव!"

"पडू द्या."

"असं काय करताय?"

"पडू द्या म्हनलं ना." मामंजींचा आवाज चढला नाही. "अध्यक्षाला नाव घेता आलं न्हाई, असं एकदा लिवलं गेलं की उद्यापासनं ह्या खुर्चीत कुठलीबी बाई बसू दे, तिला कोन इचारनार? मुतारी न्हाई झाली तर न्हाई झाली." मग ते माझ्याकडं वळले, पण बघत होते भिंतीकडं. "त्या खुर्चीत बसल्याला सासरा नसतो, अध्यक्ष महोदया. मी वाट बघतोय." आणि ते बसले.

मला त्यांचा राग आला. असा राग, की डोळ्यात पाणी आलं. ज्या ठरावापायी गावाची चेष्टा सोसली तो ठराव हा माणूस स्वतःच्या हातानं बुडवत होता, आणि बुडवायचं की तारायचं ते माझ्या जिभेवर टाकून मोकळा झाला होता. घरात कधी पाण्याचा तांब्यासुद्धा माझ्या हातातून घेत नसत, खाली ठेव म्हणत, मग घेत. आणि आता एवढं मोठं ओझं सरळ हातात दिलं. मी त्यांच्याकडं बघितलं. ते बाकावर ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. हजेरी घेताना आपलं नाव येईल म्हणून शाळेतलं पोर बसतं, तसे.

माझे पाय पाटावर होते. त्याचा तो कुरतडलेला कोपरा अंगठ्याला लागत होता. आणि एकदम मला समजलं, की हा पाट इथं कुणी आणून ठेवला. सकाळी आमच्या सगळ्यांच्या आधी घराबाहेर कोण पडलं होतं, ते मला आठवलं.

मी ताठ बसले. पदर मागं सरकला, तो मी तसाच राहू दिला.

"सन्माननीय सदस्य," मी म्हणाले, "श्री. तुळशीराम गोविंद बोराटे."

मामंजी उठले. "हजर," ते म्हणाले.

'बाजूनं' म्हणायचं होतं. आयुष्यभर सभा गाजवलेला माणूस, आणि ऐन वेळी चुकला. कुणीतरी हळूच हसलं, पण त्या हसण्यात आता टवाळी नव्हती. मामंजींनी घसा खाकरला. "ठरावाच्या बाजूनं, अध्यक्ष महोदया."

सात आणि सात.

आता सगळे माझ्याकडं बघत होते. पतंगे वकील उठले, पण या वेळी जरा अदबीनं. "बरोबरी झाली तर अध्यक्षांनी आहे ते तसंच राहू द्यावं, असा संकेत आहे. शिवाय सन्माननीय सदस्य आपले सासरे आहेत."

"वकीलसाहेब, आत्ताच सभागृहानं ऐकलंय की मला सासरा नाही," मी म्हणाले. "मी चर्चेत पडत नाही. पण बुधवारी मीही बाजारात जाते. निर्णायक मत ठरावाच्या बाजूनं."

आणि घंटी वाजवली. गरज नव्हती, पण वाजवली.

सभा सुटल्यावर पतंगे जवळ आले, हात जोडून म्हणाले, "वहिनी, पुढच्या खेपेला मी तुमच्यापुढं जपून बोलणार." सबनीसांनी चष्मा इतका पुसला की मला वाटलं काच झिजेल. मी टेबलाखालचा पाट काढला, काखेत धरला आणि घरी निघाले. मामंजी नेहमीसारखे दहा पावलं पुढं, मी मागं. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी पदर डोक्यावर घेतला. घरी येऊन ते सोप्यात जाजमावर टेकले आणि मी आत गेले.

"अगं बाई! सकाळधरनं पाट हुडकतीय मी," आत्याबाई चुलीपुढून म्हणाल्या. "आनि हिच्या काखेत!"

"नगरपालिकेत होता."

"पाट? सभेला?"

"खुर्ची उंच आहे. माझे पाय पोचत नव्हते. मामंजींनी नेऊन ठेवला असणार."

"तरीच," त्या म्हणाल्या. "परवा मला इचारत हुते, पोरीची उंची तुझ्याएवढीच हाय का गं. म्हनलं हे काय खूळ." मग त्यांनी फुंकणी खाली ठेवली. "झाला का त्यांचा ठराव?"

"झाला."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, आनंद झाला असेल. आनंद होताच, पण त्यात आणखी काहीतरी होतं.

"आत्याबाई, त्यांनी हा विषय एवढा मनावर का घेतला होता हो? आज सभेत एकानं विचारलं, तर त्यांना बोलताच आलं नाही."

"काय बोलत्याल?" आत्याबाई म्हणाल्या. "माझं लगीन नवं हुतं. मळा वाट्यानं केलेला. बाजाराला मीच बसायची, मेथीच्या पेंड्या, वांगी, काय असंल ते घिऊन. बसल्यापासनं उठंपतूर पान्याचा घोट घ्यायची न्हाई. पानी पेलं की जावं लागतंय, आनि जायचं कुठं? उन्हाळ्यात जीभ कोरडी पडायची, तरी न्हाई. मग सवयच पडली. घरीबी तहान लागंना. एक दिवस बाजारातच पोटात कळ आली, ती पाटीवरच आडवी झाले. मूतखडा. ह्यांनी मला खांद्यावर टाकून डाक्टरकडं नेलं. डाक्टर म्हनला, ही बाई पानी पीत न्हाई का? ह्यांनी मला इचारलं, का गं पीत न्हाईस? मी सांगितलं." त्यांनी चुलीत लाकूड सारलं. "त्या दिवशी ते जेवले न्हाईत. आनि पुढच्या विलेक्शनला उभं राहिले."

मला ती टोपी आठवली, हातात धरलेली, आणि तिच्यात बघणारे मामंजी. इतकी वर्षं ते सभागृहात 'आयाबाया' म्हणत आले. चेष्टा सोसली, पण त्या आयाबायांतली एक कोण, ते कधी तोंडातून काढलं नाही. तिचं नाव घ्यायची त्यांनाही सोय नव्हती.

"आनि तू म्हनं नाव घेतलंस?" आत्याबाईंनी एकदम विचारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमी घरी यायच्या आदी तेवढं गल्लीला ठावं झालंय. मोठ्यांदा घेतलंस?"

"मोठ्यांदा."

"सगळ्या लोकांत?"

"सगळ्या लोकांत. पण खुर्चीत होते म्हणून हं, आत्याबाई. आता नाही घेणार."

"तसं न्हाई गं." त्या उठून माझ्याजवळ सरकल्या. म्हाताऱ्या तोंडावर चोरून चिंच खाणाऱ्या पोरीचा भाव होता. "कसं वाटलं?"

"आधी जीभ उचलेना. मग हलकं वाटलं."

आत्याबाईंनी दाराकडं बघितलं. दारापलीकडं सोपा, सोप्यात मामंजी. त्यांनी ओठ हलवले, आवाज न करता. पुन्हा हलवले. आमटीतलं मीठ जिभेच्या टोकावर बघावं, तसं.

"तुळशीराम," त्या म्हणाल्या.

इतक्या हळू, की चुलीतलं लाकूडही त्याहून मोठ्यानं तडतडत होतं. म्हटलं आणि तोंडावर हात ठेवला. मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग त्यांनी हात काढला आणि जरा मोठ्यानं, चांगलं स्वच्छ म्हटलं, "तुळशीराम."

सोप्यात खाकरल्याचा आवाज झाला. आम्ही दोघी दगडासारख्या उभ्या राहिलो.

"हजर हाय," बाहेरून आवाज आला. "बोल की, द्वारका."

त्यांचं नाव द्वारका आहे, हे मी रेशनकार्डावर वाचलं होतं. त्या घरात कुणाच्या तोंडून ते मी कधीच ऐकलं नव्हतं.

आत्याबाईंनी घागरीतून तांब्याभर पाणी घेतलं आणि उभ्याउभ्या सगळं पिऊन टाकलं.